जनरेटरचे तेल : तासांबरोबर महिनेही मोजा



आज बियाणे आणि खते बाजूला ठेवून घरातल्या एका यंत्राविषयी बोलू या. वसई-विरारच्या पट्ट्यात वाडी करणाऱ्या पुष्कळ घरी आता छोटा जनरेटर आला आहे. ओटीच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली तो झाकलेला असतो. वर्षातले बरेच दिवस त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. वीज गेली की मात्र सगळे घर त्याच्याभोवती जमते. त्या वेळी तो चालू झाला नाही तर दोष यंत्राला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा आपलाच असतो, आणि तो तेलाचा असतो.

ही गोष्ट मी स्वतः पाहिली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

२०१८ च्या जुलैत पावसाच्या पाण्याने वसईला वेढा घातला आणि वीजही गेली, हे आपण विसरलेलो नाही. त्यानंतर निर्मळच्या बाजूच्या एका बागायतदारांनी जनरेटर घेतला. कोणता घ्यावा हे मला विचारूनच घेतला. पुढे १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले. केळी आडवी झाली, झाडे तारांवर पडली, आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. ते दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेचे होते. या घरातले आजोबा दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते आणि प्राणवायूच्या यंत्रावर होते. ते यंत्र विजेवर चालणारे. जवळ एक लहान सिलिंडर होता, पण तो थोडाच वेळ पुरणारा.

जनरेटर सुरू झाला, पाच-सात मिनिटे चालला आणि बंद पडला. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा बंद. कोणी म्हणाले पेट्रोल जुने आहे, म्हणून पेट्रोल बदलले. कोणी म्हणाले प्लग काळा झाला आहे, म्हणून प्लग घासला. दोरी ओढून ओढून मुलाच्या हाताला फोड आले. मी वाडीचे नुकसान पाहायला त्या बाजूला गेलो होतो, तो नेमका तिथे पोचलो. दोरी ओढताना यंत्रावरचा एक लाल दिवा क्षणभर लुकलुकत होता. तो तेलाचा दिवा होता. झाकण काढून पाहिले तर तेल काडीला जेमतेम लागत होते. त्यात यंत्र पायरीजवळच्या उतारावर ठेवलेले. मुलाच्या मोटारसायकलसाठी आणलेली तेलाची अर्धी बाटली घरात होती. यंत्र सपाट जागी घेतले, तेल भरले, आणि दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले. आजोबा पुढे बरे झाले.

नंतर मी विचारले, "तेल शेवटचे कधी बदलले?" ते म्हणाले, "साहेब, पुस्तकात शंभर तासांनी बदला म्हटलंय. आपले तीन वर्षांत साठ तासही झाले नसतील." त्यांचा हिशेब खोटा नव्हता, पण अर्धा होता. त्याच पुस्तकात 'शंभर तास किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल ते' असे लिहिलेले होते. यंत्र कोणते घ्यावे ते मी सांगितले होते, पण तेलाचे सांगायचे राहिले होते. ती चूक माझी. आजचा लेख त्या चुकीपोटी आहे.

तेल काय काम करते?

बैलगाडीच्या आसाला वंगण नसले की गाडी करकरते आणि आस झिजतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जनरेटरच्या इंजिनात पिस्टन मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने वर-खाली होतो. तिथे वंगण नसेल तर आस करकरण्याइतकाही वेळ मिळत नाही. इंजिन तापते आणि जाम होते. दुरुस्तीचा खर्च ऐकून बरेच जण यंत्र भंगारात देतात.

मोटारीच्या इंजिनात तेल गाळणारा फिल्टर असतो. घरगुती छोट्या जनरेटरमध्ये तो बहुधा नसतो. खाली चेंबरमध्ये तेल असते आणि कनेक्टिंग रॉडला लावलेला चमचा ते वर उडवतो. घासून निघालेली धातूची पूड, काजळी, ओलावा, सगळे त्याच तेलात राहते. ते बाहेर काढायचा मार्ग एकच, तो म्हणजे तेल बदलणे.

तेल चमच्याने उडत असल्यामुळे यंत्र सपाट जागी असणेही गरजेचे आहे. उतारावर तेल एका बाजूला जाते आणि चमच्याला ते मिळत नाही.

आधी इंजिन ओळखा

अगदी लहान आणि जुन्या जनरेटरपैकी काही टू-स्ट्रोक असतात. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. वेगळे तेलाचे झाकण नसते आणि तेल बदलण्याचा प्रश्नही नसतो. बाकीचे बहुतेक फोर-स्ट्रोक असतात. त्यांना तेल भरायचे वेगळे झाकण असते आणि पुष्कळदा झाकणालाच तेल मोजायची काडी असते. आजचा लेख या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांसाठी आहे. टू-स्ट्रोकचे तेल, ज्याला दुकानदार '२टी' म्हणतात, ते फोर-स्ट्रोकच्या चेंबरमध्ये कधीही घालू नका. पॉवर वीडर, गवत कापायचे यंत्र, पेट्रोलवरचा पाणीपंप यांनाही हाच नियम लागू आहे. आधी इंजिन कोणते ते पाहा आणि मग बाटली उघडा.

डब्यावरचे आकडे वाचायला शिका

खताच्या पोत्यावर १९:१९:१९ लिहिलेले असते, ते आपण वाचतो. तेलाच्या डब्यावर अशा दोन खुणा पाहायच्या.

पहिली खूण घट्टपणाची. '१०डब्ल्यू-३०' असे काहीतरी लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंड इंजिनात पटकन पसरते. पुढचा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहते ते सांगतो. इंजिनाची बरीच झीज सुरू होताना होते, म्हणून तेल चटकन पसरणारे असावे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या जनरेटरच्या पुस्तकांत १०डब्ल्यू-३० सुचवलेले असते. उष्ण हवामानासाठी काही पुस्तकांत नुसते '३०' नंबरचे तेलही दिलेले असते. आपले पुस्तक सांगेल ते खरे. पुस्तक हरवले असेल तर १०डब्ल्यू-३० घ्यावे.

दुसरी खूण दर्जाची. 'एपीआय' या अक्षरांपुढे दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर 'एस' असेल तर तेल पेट्रोल इंजिनाचे, 'सी' असेल तर डिझेलचे. काही डब्यांवर दोन्ही असतात, तेही चालते. 'एस' नंतरचे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. एसजे, एसएल, एसएम, एसएन असे करत २०२० पासून एसपी आला आहे. पुस्तकात एसजे सांगितले असेल तर त्यापुढचे कोणतेही चालेल. त्याच्या मागचे घेऊ नका.

मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक तेल जनरेटरला चालते का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आकडा आणि दर्जा जुळत असेल तर खुशाल वापरा. अडल्या वेळी घरात २०डब्ल्यू-४० असेल आणि चेंबरमध्ये तेल कमी असेल, तर तेच घालून काम भागवा. कमी तेलावर चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पुढच्या बदलाला मात्र योग्य तेल भरा.

सुटे तेल घेऊ नका. सील पाहून बाटली घ्या. अगदी छोट्या एक किलोवॅटच्या जनरेटरला सुमारे ४०० मिलिलिटर तेल लागते, दोन किलोवॅटच्या आसपासच्याला अर्धा लिटर किंवा थोडे जास्त, आणि पाच किलोवॅटच्या मोठ्याला लिटरभराहून थोडे अधिक. एवढ्याशा तेलात काटकसर करून हजारो रुपयांचे यंत्र घालवायचे, म्हणजे तेलही गेले, तूपही गेले.

तेल केव्हा बदलायचे?

नव्या यंत्राचे पहिले तेल पहिल्या महिन्यात किंवा २० तास चालल्यावर बदलावे. नवे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूची पूड पडते, ती लवकर काढून टाकायची असते. त्यानंतर दर १०० तासांनी किंवा दर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. आपल्या पुस्तकात याहून वेगळे असेल तर पुस्तकाप्रमाणे करा.

न चालणाऱ्या यंत्राचे तेल सहा महिन्यांत कसे खराब होते, असे तुम्ही म्हणाल. आपल्या पट्ट्यात ते नक्कीच होते. अर्नाळ्यापासून भुईगावपर्यंत हवा खारी आणि दमट. रात्री यंत्र थंड झाले की आतल्या हवेतला ओलावा धातूवर सुटतो आणि तेलात उतरतो. त्यात आपण जनरेटर चालवतो तो पाच-दहा मिनिटे, चालतो का ते बघण्यापुरता. तेवढ्यात तेल पुरते तापत नाही, म्हणून ओलावा उडून जात नाही. न जळलेले थोडे पेट्रोलही खाली उतरते. असे तेल पातळ होते, आंबते आणि आतल्या भागांना गंज चढवते. बंद घरात ठेवलेल्या धान्याला जसा वास लागतो, तसेच हे आहे.

काडीवर तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल उतरले आहे. दोन्ही वेळी तास आणि महिने न मोजता तेल बदला. नुसता रंग काळसर झाला म्हणून घाबरू नका. मळ धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे.

तारखा लक्षात राहत नाहीत, ही खरी अडचण. म्हणून सणांची सांगड घाला. एक बदल पावसाआधी, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. ज्यांच्या घरी ईस्टर होतो त्यांनी ईस्टर झाल्यावर. दुसरा बदल पावसानंतर खंडेनवमीला. त्या दिवशी आपण अवजारे धुऊन पुसून पुजतो. जनरेटरला नुसते फूल वाहू नका, तेलही बदला. ज्यांच्या घरी आगेरा होतो त्यांनी तो दिवस धरावा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारीख लिहून ठेवा. हे काम घरातल्या भगिनींनी हाती घ्यावे असे मी आवर्जून सांगतो. गॅसचा सिलिंडर कधी लावला ते ज्यांना तोंडपाठ असते, त्या जनरेटरची तारीख विसरणार नाहीत.

महिन्यातून एकदा यंत्र वीस-पंचवीस मिनिटे चालवा. नुसते रिकामे नको, पंखा, दिवे असा थोडा भार द्या, म्हणजे तेल चांगले तापेल.

तेल बदलण्याची रीत

१. यंत्र उघड्यावर, सपाट जागी ठेवा. दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा. तेल कोमट झाले की मळ घेऊन बाहेर येते. कढत असताना हात घालू नका, भाजेल.

२. पेट्रोलचा कॉक बंद करा. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा, म्हणजे चुकून इंजिन सुरू व्हायला नको.

३. तेलाच्या झाकणाभोवतीची माती फडक्याने पुसा. वाडीतली वाळू आत गेली तर कानशीसारखे काम करते.

४. खाली पसरट भांडे ठेवा. झाकण काढा, मग खालचा ड्रेन बोल्ट सोडा. ज्या लहान जनरेटरला हा बोल्ट नसतो, तो पेट्रोलचे झाकण घट्ट लावून तेलाच्या तोंडाकडे कलता करायचा आणि तेल ओतून काढायचे.

५. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. बोल्टचा वॉशर चेपला असेल तर नवा घाला. बोल्ट घट्ट करा, पण पान्यावर लोंबकळू नका, आटे जातात.

६. नरसाळ्याने नवे तेल हळूहळू भरा. काडी पुसून आत घाला आणि पाहा. पुष्कळ यंत्रांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते, काहींत फिरवून. हे पुस्तकात पाहा. तेल वरच्या खुणेपर्यंत असावे.

७. टोपी लावा, दोन मिनिटे चालवा, बंद करा, थोड्या वेळाने पुन्हा काडी पाहा. बोल्टपाशी गळती नाही ना, तेही पाहा.

जास्त तेल भरले म्हणजे जास्त वंगण, असे नाही. तेल वर चढते, निळसर पांढरा धूर येतो, हवेचा फिल्टर तेलकट होतो आणि इंजिन गुदमरते. खतासारखेच, प्रमाणात ते औषध.

बदल झाला की काम संपले असे समजू नका. दर वेळी सुरू करण्याआधी काडी पाहा. वीज दोन-दोन दिवस नसेल तर पेट्रोल भरायला यंत्र थांबवाल तेव्हा तेलही पाहा.

जुन्या तेलाचे काय?

हे मी मुद्दाम वेगळे सांगतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी गावोगावी बावखले राखली. गोड्या पाण्याची ती तळी म्हणजे वाडीचा प्राण. आधीच उपशामुळे किनाऱ्याकडच्या विहिरींत खारे पाणी शिरले आहे. त्यात अर्धा लिटर जळके तेल ओतले तर पाण्यावर तवंग पसरतो आणि वाईट द्रव्ये तळाला बसतात. बांधावर ओतले तरी पावसात ते तिथेच जाते. पानवेलीच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून काही जण हे तेल फासतात, तेही करू नका. पाला खुडणाऱ्या हातांना ते लागते, आणि जळके तेल कातडीला वाईट आहे. स्वतःच्या हाताला लागले तरी साबणाने धुऊन टाका.

जुने तेल त्याच रिकाम्या बाटलीत भरा, बूच लावा, आणि मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये द्या. तिथे वापरलेल्या तेलाचे पिंप असते. ते तेल शुद्ध करणाऱ्यांकडे जाते. एका गल्लीतल्या चार घरांनी एकत्र नेले तर फेरीही वाचेल.

काही शंका

आगाशीकडच्या एका बंधूंनी विचारले आहे : "जनरेटर सारखा बंद पडतो. मिस्त्री म्हणतो तेलाच्या सेन्सरची तार काढून टाकतो, मग बंद पडणार नाही. काढू का?"

अजिबात काढू देऊ नका. तेल कमी झाले की सेन्सर ठिणगी तोडतो आणि इंजिन वाचवतो. तार काढली तर यंत्र चालत राहील, ते जाम होईपर्यंत. आधी तेल पाहा, यंत्र सपाट आहे का ते पाहा. दोन्ही ठीक असून बंद पडत असेल तर सेन्सर तपासून घ्या, लागल्यास नवा बसवा.

पारोळकडच्या एका भगिनींनी विचारले आहे : "तेल दर महिन्याला थोडे कमी होते, पण खाली डाग दिसत नाही. मग जाते कुठे?"

धूर निळसर येतो का ते पाहा. येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजून तेल वर जाते आणि जळते. थोडे कमी होणे चालेल, भर घालत राहा. पण दर पेट्रोलच्या टाकीला भर घालावी लागत असेल तर पावसाआधी मिस्त्रीला दाखवा. ऐन पावसात दाखवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

तिसरी शंका पुष्कळांची आहे : "बाहेर पाऊस असतो, मग जनरेटर पडवीत चालवला तर?"

पडवीत, ओटीवर, जिन्याखाली, गोठ्यात कुठेही नको. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. घरापासून लांब, दारे-खिडक्यांपासून दूर, वर उघडे छप्पर करून यंत्र ठेवा. आणि जनरेटरची वीज प्लगातून घरच्या वायरिंगमध्ये उलटी सोडू नका. ती बाहेरच्या तारेवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकते. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

हा लेख वाचून झाला की एवढे करा. गोणपाट बाजूला सारा, यंत्र सपाट जागी आणा, झाकण काढा आणि काडी पाहा. तेल कुठवर आहे आणि शेवटचे कधी बदलले, हे दोन प्रश्न घरात विचारा. दुसऱ्याचे उत्तर कोणालाच आठवत नसेल, तर बदलायची वेळ होऊन गेली आहे असे समजा.

पुढच्या आठवड्यात साठवलेल्या पेट्रोलविषयी आणि कार्बोरेटर रिकामा ठेवण्याविषयी लिहीन. तोवर नमस्कार.